ल्होट्याचं चर्च निघालं

जानेवारीच्या सुरुवातीला, तीन राजांच्या सणाला, सिरिल वोंद्राक ल्होट्याला आला, तेव्हा बोहेमियन लोकांनी परमुलखाच्या माळावर वसवलेल्या त्या गावात एकाच धुराड्यातून धूर निघत होता. ते घर त्याच्या थोरल्या भावाचं, ओन्द्रेयचं. बाकीची घरं उभी नव्हतीच. गेल्या दोन हिवाळ्यांत, माळावर बर्फ घट्ट बसला की कोणी ना कोणी आपलं लाकडी घर जॅक लावून उचलायचं, दोन जाड ओंडक्यांवर ठेवायचं आणि घोडे जुंपून पाच मैलांवरच्या हार्लोवला ओढून न्यायचं. आगगाडी हार्लोवला थांबत होती. ल्होट्याला ती कधीच आली नाही. एका उन्हाळ्यात रेल्वेची माणसं मोजमाप करून गेली होती. दोघा भावांच्या म्हाताऱ्या आईच्या, बार्बोराच्या, कोबीच्या वाफ्यात त्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या, आणि त्या उपटल्या जाऊ नयेत म्हणून बार्बोराने वर्षभर तेवढा वाफा हातानेच खुरपला होता. मग रूळ पडले ते दक्षिणेकडून.

आता गावाच्या जागी तळघरांचे चौकोनी खड्डे होते, त्यांत बर्फ भरला होता. आणि मधोमध, पांढरं, लाकडी, टोकदार मनोऱ्याचं चर्च उभं होतं.

"आला तुझा हार्लोवकर," खिडकीतून घसरगाडी पाहत ओन्द्रेयची बायको अनेश्का म्हणाली.

"भाऊ आहे माझा," ओन्द्रेय म्हणाला.

"गेल्या वर्षी या वेळेला तू त्याचं नाव घेत नव्हतास."

ते खरं होतं. सगळ्यांत आधी आपलं दुकान उचलून नेलं ते सिरिलने, आणि त्या दिवशी ओन्द्रेय दार लावून घरात बसला होता. पण या शरद ऋतूत नॉर्वेजियन हाल्वोरच्या तबेल्यात दोघे भाऊ भेटले होते, बोलले होते, आणि जे ठरवलं ते ओन्द्रेयने अजून बायकोला सांगितलं नव्हतं. रोज सांगू म्हणायचा आणि रोज गोठ्यात काहीतरी काम निघायचं.

भाजलेलं बदक, आंबवलेला कोबी, वाफवलेल्या कणकेचे उंडे असं जेवण झालं. बार्बोराने खसखशीच्या सारणाची गोड पाव मांडले. ती ओन्द्रेयकडेच राहायची. सत्तरीला आली होती, पण सुनेच्या स्वयंपाकघरात पाव मात्र तीच करायची, आणि त्यावरून दोघींचं रोज एकदा तरी वाजायचं.

"यंदा खसखस जास्त भाजलीत, आई," अनेश्का म्हणाली.

"यंदा तुझी जीभ जास्त भाजलीय."

सिरिल हसला. मग कॉफीचा पेला खाली ठेवून भावाला म्हणाला, "मग दादा, हाल्वोरने घोड्यांचं सांगितलं का? जर्मनांनीही जोड्या द्यायचं कबूल केलंय. थंडी अशीच राहिली तर पुढच्या आठवड्यात चर्च ओढता येईल."

ओन्द्रेयला आपल्या कानांच्या पाळ्या गरम झाल्याचं कळलं.

"काय ओढता येईल?" अनेश्काने विचारलं.

सिरिलने भावाकडे पाहिलं. "सांगितलं नाहीस?"

"आज सांगणार होतो."

"वहिनी, रेल्वेने हार्लोवच्या चौकात चर्चसाठी जागा काढलीय. पण मेणबत्त्यांच्या सणाच्या आत, फेब्रुवारी लागता लागता, तिथे इमारत उभी पाहिजे. नाही उभी राहिली तर जागा स्वीडिश लोकांच्या चर्चला. त्यांच्या विटा येऊन पडल्यात, मी रोज दुकानातून बघतो. फादरांनी बिशपची परवानगीही आणलीय."

"सगळ्यांना विचारून झालं तर," अनेश्का म्हणाली. "घोड्यांनासुद्धा."

ओन्द्रेयने आईकडे पाहिलं. वादळ होणार ते तिथून, असंच दोघे भाऊ धरून चालले होते. ते चर्च त्यांच्या बापाने, मातेयने बांधलं होतं. या माळावर झाड नाही. नदीकाठापर्यंत दोन दिवसांची वाट, तिथून त्याने बैलगाडीने फळ्या आणल्या, आणि तेव्हा त्याची स्वतःची बायकापोरं मातीच्या ढेपांच्या घरात राहत होती. पाऊस पडला की छतातून चिखल गळायचा, बार्बोरा बाळाच्या पाळण्यावर घमेलं धरून बसायची, आणि मातेय देवाच्या छपराला कोरडी लाकडं ठोकत असायचा.

बार्बोराने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "न्या," ती म्हणाली.

"आई?"

"न्या म्हटलं ना. तुझ्या बापाने ते माणसांसाठी बांधलं. माणसं हार्लोवला गेली. आता इथे काय चिमण्यांना उपदेश करायचा?"

सिरिलच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. ते पुरतं उमटायच्या आत अनेश्का म्हणाली, "आणि कबरी?"

चर्चच्या पूर्वेच्या भिंतीला लागून दफनभूमी होती. मातेय तिथे होता. त्याच्या पायाशी दोन लहान लोखंडी क्रूस होते, रोझार्काचा आणि व्हीटेकचा. घटसर्पाने ओन्द्रेय आणि अनेश्काची दोन्ही मुलं एकाच आठवड्यात नेली होती. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही.

"कबरी राहतील," सिरिल हळू म्हणाला. "कुंपण घालू. चांगलं, लोखंडी."

"कुंपण गुरांसाठी असतं, सिरिल. मी विचारतेय, भिंत गेल्यावर त्यांच्यावर वारा येईल त्याचं काय? चर्चची भिंत आहे म्हणून तिथे बर्फ साचत नाही. तुम्हाला ठाऊक नसेल. इथे बसलेल्यांपैकी मी आणि आई सोडून तिथे जातं कोण?"

ती उठली, ताटं उचलली आणि आतल्या खोलीत गेली. ताटं आपटली असती तरी ओन्द्रेयला बरं वाटलं असतं, पण आवाज आला नाही.

मुलांना पुरल्यापासून ओन्द्रेय चर्चच्या त्या बाजूला एकदाही गेला नव्हता. रविवारी तो पश्चिमेच्या बाकावर बसायचा, पश्चिमेच्या बाजूने घरी यायचा. चर्च गेलं की आपल्यालाही इथून जाता येईल, हे त्याने सिरिललाही सांगितलं नव्हतं.

"तिला आधी विचारायला हवं होतंस," बार्बोरा म्हणाली.

"तू आमच्या बाजूची आहेस ना?"

"मी चर्चच्या बाजूची आहे. तुमच्यापैकी कोण कुठे बसलंय ते मी बघत नाही."

*

ओढायच्या दिवशी सकाळी बार्बोरा शाली गुंडाळून बाहेर आली आणि दारातच थांबली. चर्च तिच्या डोक्यापेक्षा उंच उचललेलं होतं. दोन प्रचंड ओंडक्यांवर ते बसवलं होतं, ओंडक्यांच्या तळाला लोहाराने पट्ट्या मारल्या होत्या. पुढे मार्गावर आठवडाभर पाणी ओतून बर्फाची वाट केली होती, ती काचेसारखी चमकत होती. त्या वाटेवर घोड्यांच्या जोड्या एकीपुढे एक अशा उभ्या होत्या की सगळ्यांत पुढच्या जोडीचे कान तिला दिसेनात. घोड्यांच्या नाकपुड्यांतून निघालेली वाफ वर जाऊन तिचा एकच ढग झाला होता. बोहेमियन, नॉर्वेजियन, जर्मन, सगळ्यांचे घोडे. इतकी माणसं ल्होट्यात गाव भरलेलं असतानाही जमली नव्हती.

ती बघतच राहिली. मातेयने एकेक फळी खांद्यावर घेऊन चढवलेली तिने पाहिली होती. त्या साऱ्या फळ्या आता एकदम निघणार होत्या.

सिरिल तिच्याकडे धावत आला. "आई, तू चल. वहिनी आत बसलीय."

"कुठे आत?"

"चर्चमध्ये. आपल्या बाकावर. शिडीने चढली, बसली, आणि आता उतरत नाही. दादा दारात उभा राहून विनवतोय, सगळे बघतायत. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, वोंद्राकांच्या घरात बाया हट्टी आहेत. ते त्यांना ठाऊकच आहे. शिडी धर."

आत थंडी बाहेरच्यापेक्षा कडक होती. वेदी रिकामी होती, घंटा मनोऱ्यातून उतरवून गवतात गुंडाळून जमिनीवर ठेवली होती. अनेश्का पूर्वेच्या खिडकीजवळ बसली होती. ओन्द्रेय दारात टोपी हातात घेऊन उभा होता.

"तू जा, घोडे बघ," बार्बोरा त्याला म्हणाली. तो गेल्यावर ती सुनेशेजारी टेकली. बाक बर्फासारखा गार होता.

"मला उतरवायला आलात?"

"माझे गुडघे बघ. पुन्हा त्या शिडीवरून जाईन असं वाटतं तुला?"

अनेश्का खिडकीकडे बघत म्हणाली, "मी अडवत नाहीये कोणाला. ते सगळे समजतात मी अडवायला बसलेय."

"मग?"

"मला बघायचंय हे किती लांब जातं ते. मी हार्लोवला कधी गेले नाही. सगळे म्हणतात पाच मैल. पाच मैल म्हणजे किती? घसरगाडीतून गेले तर कळणार नाही, झोप लागेल. हे पावलापावलाने जाणार. मला या खिडकीतून बघायचंय, कुठवर ते दोन क्रूस दिसतात, आणि त्यानंतर किती उरतं."

बार्बोराने तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एका चुलीपाशी काढली, पण ही बाई इतकं सरळ पहिल्यांदाच बोलली होती. मग ती वळून दाराकडे ओरडली, "सिरिल, आम्ही दोघी बसलोय. काय व्हायचं ते होऊ दे. ओढा."

*

आधी काहीच झालं नाही. बाहेर हाल्वोरची आरोळी ऐकू आली, दोर कुरकुरले, भिंतींतल्या लाकडांतून एक लांब कळ गेल्यासारखा आवाज झाला. आणि मग खिडकीतला क्रूस सरकला.

अनेश्काने खिडकीची चौकट पकडली. त्या खिडकीतून ती दर रविवारी तेच पाहत आली होती: मातेयचा दगड, दोन क्रूस, त्यामागे आडवी एक रेघ, ती संपली की आकाश. खिडकीत काही कधी हललं असेल तर गवत. आता क्रूस खिडकीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला चालले होते, अगदी सावकाश. ती उठली आणि मागच्या खिडकीशी गेली. तिथून ते पुन्हा दिसले. मग ती मागच्या दारापाशी गेली, दार उघडलं, आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

इतक्या उंचीवरून तिने ल्होटा कधी पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं, तिथे चढायला टेकडी नाही. खड्ड्यांच्या रांगा, मधला रस्ता, विहिरींची झाकणं, मातीच्या जुन्या घरांचे उंचवटे, सगळं बर्फाखालून ओळखू येत होतं. आणि त्याच्या चारी बाजूंना माळ. तो इतका मोठा असेल याची तिला कल्पना नव्हती. या एवढ्याशा जागेत लग्नं झाली होती, बाळंतपणं झाली होती, मुलं गेली होती. एवढ्या मोकळ्यात माणसांनी ही जागा ओळखली तरी कशी, आणि इथेच का थांबली, हे तिच्या डोक्यात शिरेना.

"दिसतायत का?" आतून बार्बोराने विचारलं.

"दिसतायत. लोखंडावर ऊन पडलंय."

"तुझा सासरा?"

"तेही दिसतायत. दगड जरा कलला आहे."

"जिवंतपणी तसाच चालायचा."

क्रूस दिसेनासे झाले तेव्हा सूर्य माथ्यावर यायचा होता. थोड्याच वेळात तळं लागलं.

ते लांबट तळं टाळायचं तर दोन्हीकडे चढ होते, आणि चढावर चर्च नेणं शक्य नव्हतं. काठावर हाल्वोरने घोडे थांबवले. दोघींना उतरवलं. तो मोडकं-तोडकं बोलायचा, पण नेमकं. "बर्फावर थांबायचं नाही," तो ओन्द्रेयला म्हणाला. "थांबलं, की खाली. बर्फ फुटला, की तू दोर काप. घोडे आपले नाहीत. घोडे लोकांचे." आणि त्याच्या हातात कुऱ्हाड दिली.

अनेश्का तळ्यावर चर्चच्या बाजूने चालत होती. वाऱ्याने वरचा भुसभुशीत बर्फ उडवून नेला होता आणि पायाखाली काळसर काच होती. तिच्यातून खालचं शेवाळ दिसत होतं, हिरवं, स्तब्ध. त्या काचेवरून मनोऱ्याची सावली सरकत होती. अर्ध्यात आल्यावर तळ्याच्या पोटातून आवाज आला, खोल, लांबवर जाणारा. तिला तो तळपायांत कळला. ओंडक्याच्या मागच्या टोकाजवळ एक पांढरी रेघ धावली आणि तिच्यातून पाणी वर आलं.

घोडे बिचकले. वेग कमी झाला. चर्च मागच्या अंगाला किंचित खचलं.

"दादा, काप," सिरिल ओरडला. हेच चर्च चौकात उभं करायला तो महिनाभर दारोदार फिरला होता, आणि आता त्याचा आवाज फाटला होता. "घोडे जातील सगळे. काप."

ओन्द्रेयने कुऱ्हाड उचलली. त्याचा चेहरा अनेश्काला दिसला. मुलांच्या शवपेट्या खाली सोडताना त्याचा चेहरा असाच होता, रिकामा, आणि हात सांगितलेलं काम करत होते.

"कापू नकोस," ती म्हणाली. ती ओरडली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तिने पुढे होऊन जाड दोराला दोन्ही हातांनी धरलं आणि घोड्यांच्या बाजूने ओढायला लागली. बाईच्या ओढण्याने काय होणार होतं? पण ती ओढत होती, बूट निसटत होते, गुडघा टेकत होता, पुन्हा उठत होती. ओन्द्रेयने कुऱ्हाड टाकली आणि तिच्यामागे दोर धरला. मग सिरिलने. मग जर्मनांनी, आणि ज्याला जिथे हात लावायला जागा मिळाली त्याने. पुढून हाल्वोरने अशी आरोळी दिली की घोडे एकदम उसळले.

चर्च हललं. पाणी त्याच्या मागे मागे येत राहिलं, आणि ते पाण्याच्या पुढे पुढे जात राहिलं. ओंडक्यांची पुढची टोकं पलीकडच्या काठावर चढली, मागची चढली, आणि मग मागे तळ्याचा तो भाग सावकाश, मोठ्या तुकड्यांनी खाली गेला.

कोणी जयघोष केला नाही. माणसं होती तिथे बर्फावर बसली. काही जण क्रूसाची खूण करत होते. घोड्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या.

काठावरून सगळं पाहिलेली बार्बोरा वळसा घालून हळूहळू पोचली. तिने सुनेचे तळहात उलटे करून पाहिले. दोराने सोलले होते. तिने आपला रुमाल फाडून बांधला.

"अडवायला बसली होती म्हणे," ती सिरिलकडे बघत म्हणाली, आणि शिडी मागवून सुनेसह पुन्हा चर्चमध्ये जाऊन बसली.

*

तळ्याने वेळ खाल्ला होता, आणि सिरिल घोडेवाल्यांना घाई करत होता. हार्लोवच्या चौकात जायचं तर रूळ ओलांडायचे होते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ओलांडायची परवानगी त्याने स्टेशनमास्तरांकडून काढली होती. ती वेळ कधीच उलटून गेली होती. पश्चिमेला आकाश तांबूस झालं होतं.

हार्लोवची माणसं घरांतून बाहेर येऊन उभी होती. त्याला वाटलं होतं, ते हसतील. वर्षभर त्याच्या दुकानात बसून ते बोहेमियनांच्या हट्टावर हसले होते. पण माळावरून, जिथून काही यायचं कारण नाही अशा दिशेने, एक चर्च चालत येत होतं, त्याच्या खिडक्यांच्या काचा मावळत्या उन्हाने पेटल्या होत्या, आणि ते पाहून कोणी हसलं नाही. स्वीडिश लोक आपल्या विटांच्या ढिगाजवळ उभे होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मग एकेकाने काढल्या.

रुळांवर फळ्या टाकून त्यांवर बर्फ थापला होता. घोड्यांनी ओंडक्यांची पुढची टोकं वर घेतली. डाव्या ओंडक्याचं मागचं टोक रुळाला अडलं आणि चर्च तिथेच, आगगाडीच्या वाटेवर आडवं थांबलं.

तेव्हाच शिट्टी ऐकू आली.

स्टेशनमास्तर लाल कंदील घेऊन रुळांतून धावत सुटले. सिरिलही धावला. दूर दिसलेला दिवा मोठा होत गेला, चाकांतून ठिणग्या उडाल्या, आणि इंजिन चर्चपासून हाकेच्या अंतरावर फुसफुसत थांबलं. डब्यांच्या खिडक्या उघडल्या. डोकी बाहेर आली. पूर्वेहून आलेले, कुठे कुठे निघालेले लोक, बायका, गाठोडी.

ड्रायव्हर खाली उतरला. काजळी माखलेला, दांडगा माणूस. त्याने चर्च वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे कुठून आलं?" त्याने सिरिलला इंग्रजीत विचारलं.

"तुमची गाडी जिथे आली नाही तिथून," सिरिल म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला धसका बसला.

ड्रायव्हरने मान हलवली. मग इंजिनवर चढून कोळशाचं फावडं घेतलं आणि अडलेल्या ओंडक्यापुढे बर्फ थापू लागला. ते पाहून डब्यांतून माणसं उतरली. कोणी कोणाला हाक मारली नाही. चांगल्या कोटातले, फाटक्या कोटातले, एक दाढीवाला पोट सुटलेला व्यापारी, एक बाई मूल दुसरीच्या हातात देऊन. त्यांनी दोर धरले. सिरिलला त्यांतल्या निम्म्यांची भाषा ओळखू येईना. हाल्वोरची आरोळी आली आणि सगळे मिळून मागे झुकले.

ओंडका रुळावरून सुटला, आणि चर्च संथपणे पलीकडे उतरलं.

सिरिल तिथेच उभा राहिला. बाप आठवला, खांद्यावर फळी घेतलेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि थंडीने गालावरच गोठत होतं. ते त्याने पुसलं नाही.

मागचं दार उघडलं. बार्बोरा उंबऱ्यावर आली, सुनेच्या हाताला धरून. चर्चच्या उंचीवरून ती इंजिनाकडे बघत होती. इतकं जवळून तिने ते पहिल्यांदाच पाहिलं. ड्रायव्हरने खालून टोपी काढली आणि काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"म्हणतोय, उशीर झालाय, आता निघू का," सिरिलने खालून सांगितलं.

बार्बोराने इंजिनाला एकदा पुन्हा नीट पाहून घेतलं. "सांग त्याला, जा म्हणावं."

गाडी गेली. तिच्या डब्यांचे दिवे माळात लांबवर दिसत राहिले. लोक चर्चच्या पुढच्या बाजूला जमले, सिरिल चौकाकडे घोडे वळवायला गेला. ओन्द्रेयने मागच्या दाराला शिडी लावली. आधी आईला उतरवलं, मग बायकोला हात दिला. तिच्या हाताला बांधलेला रुमाल त्याच्या मुठीत आला.

अनेश्का बर्फावर उभी राहून आलेल्या वाटेकडे बघत होती. ओंडक्यांच्या दोन खुणा माळावर सरळ गेल्या होत्या, तळ्याशी तुटून पुन्हा पलीकडे लागल्या होत्या.

"इथे राहायला आलो तरी चालत जाता येतं," ती म्हणाली. "तळ्याला वळसा घालून. सकाळी निघालं तर उन्हं उतरायच्या आत परत. भिंत गेलीय, बर्फ साचला असेल. आज सिरिलकडे राहू, उद्या मी जाऊन काढून येते."

ओन्द्रेयने त्या वाटेकडे पाहिलं.

"फावडी दोन लागतील," तो म्हणाला.